ब्रेकची पट्टी

मशीनच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. कापूरहोळच्या फाट्यावर टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि मुद्दाम मला चिडवायला ते एकेक शहाणा माझ्याकडं पाठवतातही. भोरचा रस्ता हायवेपासून जिथं फुटतो तिथून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी आणि लाकूड कापायचे साखळीवाले कटर, एवढंच मी दुरुस्त करतो. सगळ्यांच्या पोटात एकच वस्तू, टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, मुठीएवढा सिलिंडर, आणि आवाज असा की शेजारच्या ढाब्यावरचं गिऱ्हाईक ताट सोडून उठावं. या इंजिनाचं मला कळत नाही असं काही नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. आता नाही सांगत.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे मालक, मार्गासनीचे. थोडी भातशेती आणि उरलेलं वर्ष कटरवर लाकूडतोड. पावसाळ्यात वेल्ह्याच्या रस्त्यावर झाड आडवं पडलं की पहिला फोन त्यांनाच जातो. माणूस बोलायला कमी आणि कामाला शिस्तीचा. पूर्वी त्यांच्या जोडीला भाटघरचा एक गडी असायचा. एकदा त्याच्या हातातला कटर उसळून गुडघ्यावर आला, आणि तो माणूस आजही काठी घेऊन चालतो. तेव्हापासून दाजींनी एक सवय लावून घेतली. प्रत्येक काप झाला की डाव्या मनगटानं पुढचं हँडल ढकलायचं. कटर धरायच्या दांड्यापुढं एक आडवं प्लास्टिकचं हँडल असतं, तो ब्रेक. ते ढकललं की आतली पोलादी पट्टी साखळी फिरवणाऱ्या ड्रमला आवळते आणि साखळी जागच्या जागी थांबते. खट् वाजलं की मगच दाजी मशीन उजव्या मांडीला टेकवून घाम पुसणार. दिवसातून शंभर वेळा खट्. मी चिडवायचो, दाजी, जेवण झाल्यावर ताटालाही ब्रेक लावता का म्हणून. ते नुसते हसायचे.

तिकडच्याच एका गावच्या जत्रेत कमिटीनं तीन वर्षांपूर्वी कटरची शर्यत सुरू केली. निलगिरीचा ओंडका लाकडी घोडीवर आडवा बांधायचा, शिट्टी झाली की त्याच्या तीन चकत्या पाडायच्या, मोबाईलवर वेळ लावायची. इंजिनाला काय करायचं ते करा, पण मशीनचा सांगाडा मूळचा पाहिजे आणि ब्रेकचं हँडल जागेवर दिसलं पाहिजे, एवढेच नियम. त्या पहिल्या वर्षी दाजी दुसरे आले. पहिला आला पानशेतकडचा एक गडी, त्याची मशीन पुण्यात तयार करून घेतलेली. दाजींना त्याचं काही नव्हतं, येताना टेम्पोत ते खुशाल झोपले. झोप उडाली ती माझी. कारण बक्षीस देताना माईकवरचा माणूस म्हणाला होता, "पुण्याचं काम ते पुण्याचंच काम."

हे वाक्य मी वर्षभर उराशी धरून बसलो. पुढच्या जत्रेला आठ दिवस राहिले तसा मी दाजींच्या मागं हात धुऊन लागलो. ते म्हणाले, एकच मशीन हाय, तिच्यावर घर चालतंय, तिला खेळायला नगं काढू. मी म्हटलं, तुमच्या मशीनला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलाय का आजवर? मग माझ्यावर भरवसा नाही असं सरळ सांगा. हे असं बोललं की दाजींची पंचाईत होते, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन पोत्यात घालून दुकानात ठेवून गेले.

मग मी आठ दिवस दुसरं काही केलं नाही. पंप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना हाकलून लावलं. सिलिंडर काढला. त्याला आतल्या बाजूनं खिडक्या असतात, एकीतून पेट्रोलची वाफ आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. धुराची खिडकी बारीक ग्राइंडरनं रुंद केली. हे काम श्वास धरून करायचं असतं. हात केसभर हलला तर सिलिंडर भंगारात, आणि कड बोथट करायची राहिली तर पिस्टनची रिंग तिच्यात अडकून तुटते. सिलिंडरखालचं गॅस्केट काढून टाकलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या डोक्याच्या आणखी जवळ जातो आणि दाब वाढतो. किती जवळ जातो ते बघायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सोडली, इंजिन हातानं एकदा फिरवलं आणि चेपलेली तार बाहेर काढून मोजली. पहिल्यांदा ती फारच पातळ निघाली. तसंच चालू केलं असतं तर पिस्टन वर आपटला असता. पातळ कागदाचं गॅस्केट घातलं, पुन्हा मोजलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. सायलेन्सरचं तोंड मोठं केलं. फिल्टरची डबी काढून तिथं नुसती नायलॉनची जाळी ताणून बसवली, हवा भरपूर मिळावी म्हणून.

शुक्रवारी दुकानामागं बाभळीच्या ओंडक्यावर लावून बघितलं. दोरी ओढताना इंजिनानं अशी उलटी लाथ मारली की माझी बोटं बधिर झाली. पण काय कापत होतं! आधी तीन चकत्यांना एकवीस सेकंद लागायचे, आता तेरा. मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. ढाब्याचा मालक भांडायला आला, त्यालाही मी चहा पाजला.

शनिवारी दुपारी शेवटचा हात फिरवायला बाजूचं कव्हर उघडलं, तेव्हा दिसलं की ब्रेकची पट्टी ड्रमला घासतेय. जुनी होऊन वाकलेली, ड्रमवर निळा डाग पडलेला. पूर्ण वेगात ती तापणार, ओढ खाणार. नवी पट्टी हवी होती. पुण्याला फोन केला, तर सोमवारी देतो म्हणाले. शर्यत रविवारी.

मी पट्टी काढून टाकली.

हे मी विचार न करता केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी विचार केला होता, चांगला अर्धा तास, पट्टी हातात घेऊन. बाहेरचं हँडल, आतली स्प्रिंग आणि खटका तसाच ठेवला. त्यामुळं हँडल ढकललं की खट् वाजायचं, फक्त आत काहीच आवळायचं नाही. कमिटीला हँडल दिसणार होतं. आणि दाजींना? एक्सलेटर सोडला की इंजिन मंद होतं, आणि इंजिन मंद झालं की साखळी आपोआपच थांबते, ब्रेक असो नसो. म्हणजे दाजी सवयीनं खट् करणार, साखळी थांबलेलीच असणार, त्यांना कळणारही नाही. तीन चकत्यांचा तर प्रश्न, सोमवारी नवी पट्टी घालून टाकू. आणि जायच्या आधी कानावर घालूच की, असं मी स्वतःला बजावलं. पण सांगितलं असतं तर दाजी मैदानात उतरलेच नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मी मशीन घेऊन मार्गासनीला गेलो. आक्का भाकरी बडवत होती. तिनं मशीनकडं बघितलं आणि मला विचारलं, "ह्येचा ब्रेक नीट हाय नव्हं?" तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण तो भाटघरचा गडी तिनं बघितलेला आहे. दाजी बाहेर अंगणात साखळीला तेल देत होते. मी म्हटलं, हाय की. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती मी खाल्ली.

जत्रेत ऊन मी म्हणत होतं. शाळेच्या मैदानात दोरी बांधून चौक केलेला, तीन बाजूंना माणसं, चौथीला कमिटीचा मांडव. कमिटीच्या माणसानं मशिनी बघितल्या, प्रत्येकीचं हँडल मागंपुढं करून खट् ऐकलं आणि मान हलवली. आमची मशीनही पास झाली.

पहिल्या फेरीत सहा जण. दाजींनी दोरी ओढली आणि इंजिनाच्या आवाजानं पुढची माणसं मागं सरली. तिसरी चकती पडली तेव्हा बाकीच्यांचं दुसऱ्या चकतीवरच चाललं होतं. मार्गासनीची पोरं दोरी ओलांडून आत घुसली. आमच्याकडं शर्यतीत बैल जिंकला की त्याला गुलालानं माखतात. तोच न्याय त्यांनी मशीनला लावला. ओंजळीनं गुलाल दाजींवर, ओंजळीनं मशीनवर. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तर बैलाच्या कपाळाला लावावा तसा इंजिनावर हातानं थापला. आणि मी, आठ दिवस केसाकेसाचा हिशोब करणारा मिस्त्री, हसत हसत त्या मशीनवर हात ठेवून फोटो काढून घेत होतो. कार्बोरेटरचं तोंड उघडं आहे, वर नुसती जाळी आहे, आणि गुलाल पिठापेक्षा बारीक असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नंतर फडक्यानं वरचं कव्हर तेवढं पुसलं.

शेवटची फेरी दोघांची, दाजी आणि पानशेतचा. मधे पंधरा मिनिटं होती. दाजी लिंबाच्या सावलीला बसून पाणी प्यायले आणि मशीन मांडीवर घेऊन हँडल मागंपुढं करत राहिले. मला म्हणाले, "आज हँडल हलकं लागतंय रं."

तेव्हा सांगायची वेळ होती. आम्ही दोघंच होतो. माईकवर पुढच्या फेरीचं पुकारत होते, त्यात माझ्या दुकानाचं नाव घेतलं, कापूरहोळच्या मिस्त्रीनं बनवलेली मशीन म्हणून. मी वर्षभर जे ऐकायला तरसलो होतो ते नेमकं त्याच क्षणी कानावर आलं. मी म्हटलं, "खटक्याला ऑइल दिलंय, म्हणून."

दाजींनी मान हलवली. त्यांना माझं खरं वाटलं. मशिनीबाबत माझं बोलणं त्यांना खरंच वाटायचं.

शिट्टी झाली. दाजींच्या कानांत कापूस होता, डोळ्यांवर माझाच वेल्डिंगचा पांढरा चष्मा. पहिली चकती पडली तेव्हा पानशेतचा अर्ध्यावर होता. दुसरीला मला आवाजात काहीतरी खटकलं. ओझं काढून घेतल्यासारखं इंजिन वर चढत होतं, ओंडक्यातून बाहेर आल्यावरही खाली येत नव्हतं. लोकांना वाटलं काय जोर आहे. मला कळलं की गुलाल आणि ऑइल मिळून आत चिखल झालाय आणि एक्सलेटरची झडप उघडीच अडकतेय. दाजी तिसऱ्या कापावर होते. आता ते बोट सोडणार, इंजिन मंद होणार नाही, साखळी थांबणार नाही. ते ब्रेक ढकलणार आणि मशीन मांडीला टेकवणार.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आजूबाजूच्यांनाही कळलं नाही, दोन कटर आणि ढोल, वर लोकांचा गलका. मी दोरीखालून घुसलो. मला कुणीतरी मागून धरलं, पंच असावा, त्याला मी कोपरानं ढकललं. बारा-पंधरा पावलांचं अंतर असेल. तिसरी चकती पडताना दिसली. दाजींनी मशीन वर उचलली, बोट सोडलं, इंजिन तसंच किंचाळत राहिलं. ते दचकले नाहीत. इतक्या वर्षांची सवय, मनगट पुढं गेलं, हँडल ढकललं गेलं. आणि खट् झालंय या भरवशावर मशीन मांडीकडं खाली आली, उजवा अंगठा बंद करायचं बटण शोधायला लागला.

मी त्यांच्या उजव्या कोपराला धरून जीव खाऊन बाहेर ओढलं. पात्याचं टोक जमिनीत घुसलं, माती उसळून माझ्या डोळ्यांत गेली. मग आवाज बंद झाला. दाजींचा अंगठा बटणावर पोचला होता.

लोकांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं मेव्हणा आनंदानं पळत आला आणि गळ्यात पडला. आम्ही जिंकलो होतो, एका अख्ख्या चकतीनं. पोरांनी दाजींना खांद्यावर घ्यायला धरलं, पुन्हा गुलाल. माझी नजर त्यांच्या मांडीवर. पँट फाटली होती, वरपासून गुडघ्यापर्यंत, आणि आत बोटभर लांबीचं कातडं सोललेलं. सगळीकडं इतका गुलाल की रक्त कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मी तिथंच ओंडक्यावर बसलो.

दाजींनी पोरांना हातानं थांबवलं. मशीन उचलली, हँडल मागं घेतलं, पुढं ढकललं. खट्. साखळी बोटानं ओढून बघितली. ती सुळकन फिरली. पुन्हा हँडल, पुन्हा साखळी. मग माझ्याकडं न बघता ते बक्षीस घ्यायला मांडवात गेले. ढाल घेतली, नारळ घेतला, सगळ्यांच्या पाया पडले. माईकवर त्यांना दोन शब्द बोला म्हणाले, तर त्यांनी हात जोडले.

नंतर लिंबाखाली त्यांनी खिशातला पाना काढून बाजूचं कव्हर उघडलं. पट्टीची जागा रिकामी. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मी समोर उभा. शिव्या घातल्या असत्या, कानाखाली वाजवली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कधी काढलीस?"

"काल दुपारी."

"म्हंजी सकाळी तुला ठावं व्हतं. आन् आत्ता म्या इचारलं तवाबी ठावं व्हतं."

मी व्हय म्हणालो. पट्टी घासत होती, नवी मिळाली नाही, सोमवारी घालणार होतो, असं बरंच तोंडाशी आलं होतं. पण मला रडायला आलं आणि मी रडलो, भर जत्रेत, बायाबापड्यांसमोर. दाजींनी कव्हर परत बसवलं, स्क्रू आवळले, मशीन पोत्यात घातली. मग म्हणाले, "तिला सांगू नगंस. तिला भाऊ एकच हाय."

घरी आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. आम्हा दोघांवरूनही तिनं ओवाळून टाकला. पँट बघून घाबरली, तर दाजी म्हणाले, घोडीचा खिळा लागला. तिनं हळद भरली, वर मलाच म्हणाली, तू व्हतास जवळ म्हणून मला घोर नव्हता. मी ताट तसंच बाजूला सारलं. तिला वाटलं ऊन बाधलं.

सोमवारी पट्टी आली. मी दाजींना फोन केला, आत्ता येऊन बसवून जातो म्हटलं. ते म्हणाले, भोरला बसवून घेतली.

याला दोन वर्षं झाली. मी शर्यतीची मशीन पुन्हा बनवली नाही, कुणी कितीही फुगवलं तरी. सणावाराला आम्ही एकमेकांकडं जातो, दाजी माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, माझ्या पोरांना खांद्यावर घेतात. आक्काला आजही काही माहीत नाही. मार्गासनीहून भोरला जायचं तर वाट माझ्या दुकानावरूनच जाते. दोन-तीन महिन्यांनी त्यांची गाडी दारात थांबते, मी चहा सांगतो, ते बाकावर बसून पितात, आक्काचं, पोरांचं, पावसापाण्याचं सांगतात. गाडीवर मागं पोतं बांधलेलं असतं. इंजिनात काय बिघडलंय ते मला इथं बसूनही सांगता येईल, पण मी विचारत नाही आणि ते पोत्याची दोरी सोडत नाहीत. कप ठेवून "येतो रं" म्हणतात, आणि भोरच्या रस्त्याला वळतात.